घरचा अंगठा

रतनबाई : हा झाला डावा. आता काय पायाचा बी घेता?

वकील : उजवा द्या. असा दाबू नका, रतनबाई. या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूच लोळवायचा. लाटणं फिरवतो तसा.

रतनबाई : आमच्याकडं भाकरी थापत्यात, वकीलसाहेब. लाटणं सणाला निघतं.

वकील : मग आज सण समजा. हं, झालं. हे फडकं घ्या, बोटं पुसा. रॉकेल लावलंय, वास येईल.

रतनबाई : येऊ द्या. मंग हीच का फिर्याद?

वकील : हा नुसता नमुना. फिर्याद अजून टाईप व्हायची आहे.

रतनबाई : आन् मला सकाळच्या एसटीनं श्रीरामपूरला बोलिवलं ते बोटं काळी करायला? मी घरी सांगून आले, आज मच्छिंद्रवर केस लागती म्हणून.

वकील : लागेल. त्याआधी सगळं पहिल्यापासून एकदा सांगा.

रतनबाई : मागल्या शुक्रवारी सांगितलं की समदं.

वकील : सांगितलंत, पण निम्म्या शिव्या होत्या. आज शिव्या वगळून सांगा.

रतनबाई : मंग लई थोडं उरंल.

वकील : चालेल. मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या. मच्छिंद्र तुमचा कोण?

रतनबाई : दीर. मालकाचा धाकला भाऊ. मी लगीन होऊन आले तवा सा वर्सांचा हुता. नाक मी पुसायचे त्याचं. आता साखर कारखान्याच्या भांडारात गल्ल्यावर बसतो, टेरिकॉट घालून.

वकील : आणि सूर्यभान, म्हणजे तुमचे मालक, कधी वारले?

रतनबाई : एकाहत्तरच्या श्रावनात. ऑगस्टाची पाच तारीख. पाटाच्या पान्याची पाळी हुती, उसाला बारं देऊन आले, छातीत कळ आली, बसले ते बसलेच.

वकील : त्यांच्याकडे कारखान्याचं उचल-कार्ड होतं.

रतनबाई : पिवळं कार्ड. समद्या सभासदांना असतं. भांडारात दाखवायचं, पावतीवर अंगठा टेकायचा, माल घरी न्यायचा. युरिया म्हना, पेंड म्हना, कापड, गोडंतेल. पैशाचं नाव न्हाई. ऊस तुटला की बिलातून कापून घेत्यात.

वकील : आता दिवाळीचं सांगा.

रतनबाई : दिवाळीच्या आदी झुंबरचं जमलं. माझी लेक. राहुरीकडचं स्थळ, चांगली मानसं. बस्त्याला सोयऱ्यांना घेऊन भांडारात गेले. साड्या काढल्या, झुंबरनं एक हिरवी खांद्यावर टाकून बगितली. मच्छिंद्र कार्ड बगून म्हनतो, वैनी, कार्ड भरलंय. म्या म्हनलं, कशानं भरलं? तर तो मॅनेजर पावती काढून दाखवतो, बाई, तुमी सायकल नेली न्हवं का? रेडू नेला, घड्याळ नेलं. म्या म्हनलं, माझ्या घरी सायकल कोन चालवतं, म्हस? समदे हसले. सोयरे बी हसले.

वकील : मग?

रतनबाई : मंग काय. कमिटीपुढं अर्ज दिला. अकरा येळा पायी गेले कारखान्यावर, दोन कोस जायाचं, दोन कोस यायाचं. अकराव्या टायमाला कागद हातात दिला. वाचून घेतला गुरुजीकडनं. काय तर म्हनं, बाईची तक्रार खोटी आढळली, माल उचलून नाकबूल करती. चार दिसांत सोयऱ्यांचा निरोप आला. खोट्या घरची पोरगी नको. झुंबर आता हापशावर बी जात न्हाई. मी आनते पानी.

वकील : आणि सायकल?

रतनबाई : ती शिवी दिल्याबिगर सांगता यायची न्हाई.

वकील : प्रयत्न करा.

रतनबाई : अकराव्या टायमाला तो कागद पदरात बांदून घरी चालले हुते. उनाचं. मागनं घंटी वाजली, दोनदा. हिरवी नवी सायकल, हँडलाला गोंडे. मच्छिंद्र. पाय टेकवून म्हनतो, वैनी, बसता का मागं? माझ्या धन्याच्या नावावरची सायकल, आन् मला म्हनतो, मागं बसता का.

वकील : पाणी घ्या.

रतनबाई : पानी नको. मला सांगा, किती वर्सं?

वकील : ते कलमावर आहे. चारशे वीस म्हणजे फसवणूक. जास्तीत जास्त सात वर्षं आणि दंड.

रतनबाई : सात.

वकील : चारशे अडुसष्ट. फसवण्यासाठी खोटा दस्तऐवज करणं. तेही सात.

रतनबाई : चौदा झाली.

वकील : अशी बेरीज नसते, बाई. बहुतेक वेळा दोन्ही शिक्षा एकदमच भोगायच्या असतात.

रतनबाई : मंग दुसरं कलम ठिवलंय कशाला सरकारनं? एक घ्या, एक फुकट?

वकील : अजून एक आहे. चारशे सदुसष्ट. माल मिळाल्याची पावतीच खोटी केली, तर दहा वर्षं. किंवा जन्मठेप.

रतनबाई : हां. हे लावा.

वकील : जन्मठेप म्हणालो मी.

रतनबाई : जन्मठेप नको. लई म्हातारा होऊन सुटला तर गाव इसरून जाईल. धा वर्सं पुरं. तो सुटून येईल तवा त्याला वळखनारी मानसं जित्ती पाहिजेत.

वकील : शिक्षा न्यायाधीश ठरवतात, तुम्ही नाही. वरची मर्यादा सांगितली मी. आणि एक ऐका. चारशे वीस असेल तर कोर्टाच्या परवानगीनं तडजोड करता येते. त्यानं माल परत दिला, तुम्ही माफ केलं, मिटलं. सदुसष्टला ते दार नाही. ते कलम एकदा लागलं की उद्या तुम्हाला दया आली तरी माघार नाही.

रतनबाई : मला दया यायची न्हाई.

वकील : सासूबाईंना येईल. त्यांचा तो एकच मुलगा उरलाय.

रतनबाई : त्या माऊलीनं भांडारातल्या रेडूवर भजनं ऐकली. कुनाच्या कार्डाची ते इचारलं न्हाई. लावा सदुसष्ट.

वकील : अंगठा खोटा एवढ्यावर भागत नाही, रतनबाई. कुणाला तरी लुबाडायचं, फसवायचं म्हणून तो टेकला, हा हेतू दाखवावा लागतो. आणि दाखवायचा म्हणजे असा, की न्यायाधीशाच्या मनात वाजवी शंका उरता कामा नये. शंका उरली की तिचा फायदा आरोपीला.

रतनबाई : माझ्या मनात तर काडीची शंका न्हाई.

वकील : तुमचं मन पुराव्यात धरत नाहीत.

रतनबाई : मंग काय धरत्यात?

वकील : हे. या इकडे, खिडकीपाशी. हे भिंग घ्या. तुमचा आत्ताचा अंगठा बघा. काय दिसतं?

रतनबाई : रेघा. गोल गोल. अगं बया. भवऱ्यावानी.

वकील : पुस्तकात याला मोठं नाव आहे. तुमच्याकडे काय म्हणतात?

रतनबाई : चक्र. आन् गोल न्हाई झालं, एका कडंनं आत जाऊन तिकडूनच माघारी वळलं, तर शंख. नंदीबैलवाला हात बगून सांगायचा. धा बोटांना धा चक्रं असली की राजा. मला सात हायत.

वकील : राज्य थोडक्यात हुकलं.

रतनबाई : तीन बोटांनी.

वकील : परवा मी कारखान्यात जाऊन आलो. मॅनेजरनं दोन तास पावत्या बघू दिल्या, हात लावू दिला नाही. सूर्यभान गेल्यानंतरच्या दहा पावत्या आहेत. सायकल, रेडिओ, घड्याळ आणि टेरिकॉटचं कापड, या चार पावत्यांवरचा अंगठा शंखाचा आहे. तुमच्या दोन्ही अंगठ्यांना चक्र. म्हणजे त्या चार तुमच्या नाहीत. हे साध्या भिंगानं दिसतं. पुण्याच्या तज्ज्ञाला तर मिनिटभरही लागणार नाही.

रतनबाई : वकिलीला बी हे शिकवत्यात का तुमच्यात?

वकील : कायद्याच्या आधी मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलं.

रतनबाई : तरी म्हनलं, कोटातला मानूस बोटं काय बगत बसलाय. जनावरांचा डाक्टर का न्हाई झालात?

वकील : वडील वकील होते. ऐका पुढं. सायकलच्या पावतीवर तारीख आहे चौदा ऑगस्ट. पाचला मालक गेले, म्हणजे चौदाला काय होतं?

रतनबाई : दहावा. नदीवर हुतो आमी. समदं गाव हुतं. पिंडाला कावळा शिवंना, दोन तास बसलो. मच्छिंद्र मदीच उठून गेला, म्हनला भांडाराची किल्ली माझ्याकडं हाय. तवा गेल्ता व्हय सायकल काढाया. तरीच कावळा शिवंना.

वकील : कावळ्याचं फिर्यादीत घालता येणार नाही. नदीवरचे साक्षीदार घालू. आणखी एक. चारही पावत्यांवर त्या शंखातून एक पांढरी रेघ तिरपी गेलीय. शाई न लागलेली. तिथं कधीतरी खोल कापलं असणार. वरवरचं खरचटलं तर रेघा पुन्हा उगवतात, पण खोल घाव राहतो, तो जन्मभर प्रत्येक ठशात उमटतो. आता तसा अंगठा कुणाचा, हे... रतनबाई? काय झालं?

रतनबाई : काय न्हाई. मला वाटलं, त्यानं कुनातरी हमालाचा अंगठा घेतला आसंल.

वकील : का? कुणाचा आहे, माहीत आहे तुम्हाला?

रतनबाई : तुमी आदी तुमचं पुरं करा. उरलेल्या सा पावत्यांचं सांगा.

वकील : तेच विचारायला बोलावलं. त्या सहांवर चक्र आहे. मधे बारीक ठिपका असलेलं. हे, इथं आत्ता तुम्ही उमटवलंत तेच.

रतनबाई : मंग? त्या माझ्याच. युरिया घेतला, पेंड घेतली, एकदा गोडंतेल. मी कुटं न्हाई म्हनते?

वकील : पावतीवर नाव कुणाचं लिहिलंय?

रतनबाई : त्यांचं. कार्डच त्यांच्या नावाचं.

वकील : सूर्यभान भिमाजी, निशाणी अंगठा. ऑक्टोबरातली पावती. ऑगस्टात गेलेल्या माणसाचा अंगठा म्हणून तुम्ही तुमचा टेकलात.

रतनबाई : आवो, तसंच असतंय. घरचा अंगठा. ते जित्ते हुते तवाबी मीच टेकायचे. हंगामात ते उसाची गाडी घेऊन दोन दोन दिस कारखान्याच्या रांगंला. तिथून उठून अंगठा टेकाया येतील का? समद्या गावाच्या बाया टेकत्यात. कुनाच्या म्हातारीचा, कुनाच्या सुनंचा. घरातला कुनाचाबी चालतो. भांडारवालेच म्हनत्यात, टेका बाई, अंगठा तो अंगठा.

वकील : आणि ते गेल्यावर?

रतनबाई : मच्छिंद्रच म्हनला. वैनी, नाव बदलायचं तर तलाठ्याकडं वारसाची नोंद लागंल, सा महिने जातील, तवर दादाच्या नावावरच टेका. म्या म्हनलं, दिराला काळजी हाय.

वकील : काळजी होतीच. कार्ड मेलेल्या माणसाच्या नावावर राहिलं म्हणून तर त्याला वापरता आलं.

रतनबाई : मंजी मी बी तेच केलं?

वकील : हातानं, हो. तेच. कागदावर बघितलं तर सहा तुमच्या आणि चार त्याच्या. दुसऱ्याच्या नावानं अंगठा, खोटी पावती. तेच कलम.

रतनबाई : सदुसष्ट.

वकील : फरक हेतूचा आहे. तुम्ही युरिया घेतलात, तो तुमच्याच उसाला घातलात, त्याच उसातून पैसे कापले गेले. कुणाला लुबाडलं नाही. मला विचाराल तर हा गुन्हा नाही. पण मी न्यायाधीश नाही. त्याचा वकील उठून म्हणेल, या बाईला खोटे अंगठे टेकायची सवयच आहे, हिच्यावर काय विश्वास ठेवायचा? तुम्हालाही आरोपी करा म्हणेल. तुम्ही उभ्या राहाल पिंजऱ्यात. सुटाल असं वाटतं. हमी देत नाही.

रतनबाई : झुंबरला कोन बगंल मंग? एकटी हाय ती.

वकील : म्हणूनच आधी विचारलं. नुसतं चारशे वीस लावलं तर हे सगळं मिटवता येईल. विचार करा. घाई नाही.

(बाहेर सायकलची घंटी दोनदा वाजते.)

रतनबाई : ही घंटी.

वकील : त्यानं काल निरोप पाठवला होता, भेटायचं म्हणून. मी या म्हणालो नव्हतो. तुमची इच्छा नसेल तर परत पाठवतो.

रतनबाई : येऊ द्या. आन् ते भिंग झाकून ठिवा. माझ्या बोटांचा कागद बी. शंखाचं, रेघंचं काय बोलू नका.

वकील : मी कशाला बोलतोय? या, आत या.

मच्छिंद्र : नमस्कार, वकीलसाहेब. वैनी, पाया पडतो. एवढ्या उनाच्या एसटीनं कशाला आला? निरोप धाडायचा, मी आनलं असतं.

रतनबाई : मागं बसवून?

मच्छिंद्र : आता चेष्टेवारी बोललो ते धरून बसला व्हय? दीर-भावजईत चालतंय की तेवढं. साहेब, मी सरळ बोलतो. घरातली भांडी हायत, वाजली. कोर्टात कशाला वाजवायची? मी मॅनेजरसाहेबांशी बोलतो, ते चार आयटम ॲडजस्ट करून टाकतो. माझ्या पगारातून महिन्याला थोडं थोडं. सायकल बी वैनींच्या दारात लावतो.

वकील : चार आयटम तुम्ही घेतले, असं म्हणताय?

मच्छिंद्र : तसं कुटं म्हनलो? घरात मिटवायचं म्हनून भरतो म्हनलो. लिहून घेऊ नका हां काय.

रतनबाई : आन् कमिटीचा कागद? तक्रार खोटी आढळली, तो?

मच्छिंद्र : तो बी बदलून घिऊ. नजरचुकीनं झालं म्हनून. झुंबरच्या सोयऱ्यांकडं मी सोता जातो, वैनी. पुतनी हाय माझी. हातापाया पडतो त्यांच्या.

रतनबाई : काय सांगशील त्यांना?

मच्छिंद्र : सांगीन, गैरसमज झाला.

रतनबाई : कुनाचा?

मच्छिंद्र : समद्यांचाच.

रतनबाई : न्हाई. असं कर. मंगळवारच्या बाजारात, मारुतीच्या पारावर उभा ऱ्हा. समदं गाव असतं. तिथं म्हन, माझा भाऊ मेला, त्याचा दहावा टाकून म्या त्याच्या नावावर सायकल चोरली. एवढं एकदा म्हन. केस न्हाई करत. सायकल बी ठिव तुलाच.

मच्छिंद्र : वैनी, नोकरी जाईल माझी.

रतनबाई : जाईल.

मच्छिंद्र : पोरं हायत मला.

रतनबाई : मला बी हाय एक. हिरवी साडी खांद्यावर टाकून उभी हुती.

मच्छिंद्र : हे बगा, मी नरमाईनं बोलतोय तवर बोलतोय. वकीलसाहेब, तुमी शिकलेले हाव. या बाईनं तुमाला समदं सांगितलंय का? दादा गेल्यावर दादाच्या नावानं हिनं किती पावत्या अंगठ्यानं उठवल्यात? सा. मी मोजून ठिवल्यात. मेलेल्या मानसाचा अंगठा! मला आत घालाया निघाली तर बरोबर हिला बी यावं लागंल.

रतनबाई : साहेबांनी मगाशीच मोजल्या. सा. बरोबर हाय तुझा हिशेब.

मच्छिंद्र : आं?

वकील : मोजल्यात मी.

मच्छिंद्र : मंग तरीबी? आन् माझं काय हाय त्याच्यात? मी सही करनारा मानूस. सातवी पास. माझा अंगठा कुटंच नसतो. तिथं शाईचा डाग पडलाय, कुनाचा कोन सांगनार? मॅनेजरला सांगता आलं न्हाई.

रतनबाई : बस की. उभा का? घामेजलाय. पानी घे.

मच्छिंद्र : वैनी, तुमी न्हाऊ घातलंय मला. आई शेतावर जायची, तुमीच भाकर चारायचा. मला कोर्टात उभं कराया जीव होतो का तुमचा?

रतनबाई : न्हाई होत बाबा. रात रात डोळा लागत न्हाई. काय काय आठवतं. तुझं लहानपन. घे पानी. डाव्या हातानं तांब्या धरतोस आजून? आन् अंगठा दुखतो का रं थंडीत?

मच्छिंद्र : कधी कधी ठनकतो.

वकील : अंगठ्याला काय झालं होतं?

मच्छिंद्र : ईळा लागलेला, साहेब. नऊ वर्सांचा आसंन. गवत कापाया गेलो, पार हाडापतुर. ह्यो बगा, आजून खूण हाय. वैनीनं हळद भरली, पदर फाडून बांदला, कडंवर घेऊन घरी आनलं. दादानं मारू नये म्हनून सांगितलं, चिलारीचा काटा लागला. आई तरी करंल का एवढं?

वकील : डावा अंगठा.

मच्छिंद्र : डावाच.

रतनबाई : पितोस का अजून पानी?

मच्छिंद्र : बास. मंग मिटलं म्हनायचं का, वैनी? सायकल लावू का दारात?

रतनबाई : न्हाई. सायकल ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. नीट ठिव. गोंडे काढू नको. साहेब, टाईप करा.

मच्छिंद्र : काय टाईप?

रतनबाई : सदुसष्ट.

मच्छिंद्र : सदुसष्ट मंजी काय? वैनी? साहेब, काय म्हनती ही?

वकील : मच्छिंद्रराव, तुम्ही आता तुमचा वकील बघा. माझ्याशी यापुढे बोलू नका, तुमच्याच भल्याचं सांगतो.

मच्छिंद्र : वैनी, आईला काय सांगू मी?

रतनबाई : सांग, चिलारीचा काटा लागला.

मच्छिंद्र : बगून घेईन. तुला बी आत घेऊन जाईन. सा पावत्या हायत तुझ्या! सा!

रतनबाई : पायरी सांभाळ.

वकील : गेला. बसा, रतनबाई. अंगठ्याला अजून शाई आहे तुमच्या.

रतनबाई : असू द्या. त्याच हातानं हळद भरली हुती.

वकील : रेघेचं मगाशी ऐकलंत तेव्हाच ओळखलंत ना तुम्ही?

रतनबाई : तवाच. त्याला वाटलं, सही येती त्याला अंगठा नसतो.

वकील : त्यानं आत्ता जे सांगितलं ते मी कोर्टात सांगू शकत नाही. मी वकील आहे, साक्षीदार नाही. पण त्याची गरजही नाही. कोर्ट त्याला अंगठा द्यायला लावू शकतं, आणि तुम्ही त्या घावाची साक्ष द्याल. आता मुद्द्याचं. तुमच्या सहा पावत्या लपवायच्या नाहीत. फिर्यादीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहू. तुम्ही होऊन सांगितलंत तर निदान लबाडी नव्हती असं दिसेल. पण मघाशी म्हणालो ते खरंच आहे. हमी नाही.

रतनबाई : ल्हिवा. पहिल्यांदा माझंच ल्हिवा. सा मी टेकले, युरिया माझ्या उसात हाय, ऊस जाऊन बगा म्हनावं. मंग त्याचं ल्हिवा.

वकील : आणि झुंबर?

रतनबाई : माझी बहीन हाय जामखेडला. छबूबाई. निरोप धाडते, येऊन ऱ्हाईल. पोरीला काय सांगू, आई खोटी म्हनून गप बसली? त्यापरास आई पिंजऱ्यात उभी ऱ्हाऊन बोलली, हे बरं.

वकील : आणखी एक ऐकून ठेवा, म्हणजे नंतर मला बोल नको. त्याला अटक झाली तरी जामीन मिळेल.

रतनबाई : मंजी घरी झोपनार?

वकील : घरीच. पुण्याचा अहवाल यायला सहा-आठ महिने. मग हे इथून नगरला सेशन कोर्टात जाईल. तारखा पडतील. साक्षीदार येणार नाहीत, पुन्हा तारखा. चार-पाच वर्षं धरून चाला. आणि शेवटी दहा वर्षं मिळतीलच असं नाही. पहिलाच गुन्हा, नोकरी गेलेली, लहान मुलं. दीड-दोन वर्षांवरही सोडतील.

रतनबाई : दोन? पारावर एकदा बोलायला तयार न्हाई आन् दोन वर्सं?

वकील : कायदा सूड मोजत नाही, बाई. गुन्हा मोजतो.

रतनबाई : मोजाया चुकतो मंग.

वकील : असेल. अजूनही विचार करा. टाईपरायटरला कागद लावलेला नाही मी.

रतनबाई : त्या तारखांना तो येनार का? दर टायमाला?

वकील : यावंच लागतं. नाही आला तर वॉरंट.

रतनबाई : इथं? आमच्या गावाहून?

वकील : आधी इथं. पाच कोस असेल ना?

रतनबाई : पाच कोस. आन् सायकल?

वकील : ती मुद्देमाल. जप्त होईल. निकाल लागेपर्यंत त्या कोर्टाच्या आवारात, पलीकडच्या शेडमध्ये पडून राहील, चिठ्ठी लावून. आहेत तिथं आणखी चार-पाच. एसटी आहे म्हणा त्याला.

रतनबाई : एसटीला कार्ड चालत न्हाई. नोकरी गेल्यावर पाच वर्सं तिकिटं कुटली?

वकील : मग चालत येईल.

रतनबाई : उनाचं. आन् दर तारखेला शेडमदी सायकल दिसंल.

वकील : दारातूनच दिसते.

रतनबाई : लावा कागद. लागू द्या पाच वर्सं.